मला खाली ओढलं तो रविवार

काळा झेंडा आहे मी. शिट्ट्या मारायच्या असतील तर आत्ताच मारून घ्या. एकदा बोलायला लागलो की मी कुणाचं ऐकून घेणार नाही. आजवर पुष्कळ ऐकून घेतलंय.

लांदकूरच्या हवाई क्लबाचा झेंडा मी. फ्रान्सच्या उत्तरेला, जिथं नजर जाईल तिथवर बिटाची शेतं आहेत आणि वाऱ्याला अडवायला साधं टेकाडही नाही, तिथं माझा जन्म झाला. साल १९१०. माणसाला उडता येऊ लागून जेमतेम काही वर्षं झाली होती आणि तेवढ्यात त्यानं त्याची जत्रा मांडली होती.

मला शिवलं ओदिल कारॉननं. तिचा नवरा आल्सीद सायकली दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात विमान उडवायचा. की विमान उडवायचा आणि उरलेल्या वेळात सायकली दुरुस्त करायचा, ते गिऱ्हाइकांनाच विचारा. त्यांच्या सायकली महिनोन्महिने दुकानाच्या भिंतीला टेकून असत. विमानं तेव्हा कापडाचीच असायची. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड, आणि पुढं एरंडेल पिऊन धूर ओकणारं इंजिन. पंखांचं कापड शिवायचं काम ओदिलकडं. त्यामुळं क्लबानं जेव्हा शर्यतीसाठी तीन झेंडे हवेत म्हणून सांगितलं, तेव्हा तेही तिच्याच मशीनवर आले.

पांढरा झेंडा म्हणजे थांबा, बघू. लाल म्हणजे उड्डाण सुरू. काळा म्हणजे आज उड्डाण नाही. मैदानाच्या मधोमध उंच खांब, त्यावर यांतला एक. दूरच्या रस्त्यावरून येणाऱ्यालाही कळावं, आज माणसं उडताहेत की नाही.

पांढरा आणि लाल हे दोघे नव्या, हलक्या कापडाचे. काळं कापड मात्र दुकानात संपलं होतं. ओदिलनं पाद्रीबाबांच्या झग्यासाठी आणलेल्या जाड लोकरी कापडातला उरलेला तुकडा काढला आणि मला बेतलं.

आल्सीदनं मला हातात घेऊन वजन पाहिलं. म्हणाला, “झग्यातून झेंडा? म्हणजे हा नुसता नाही म्हणायचा नाही, वर उपदेशही करायचा.”

“तुला उपदेशाची गरज आहेच,” ओदिल दातांनी दोरा तोडत म्हणाली.

आम्हा तिघांना धुऊन शेडबाहेर दोरीवर टाकलं, तेव्हा माझा गुण सगळ्यांच्या ध्यानात आला. झुळूक आली की ते दोघे फडफडायचे, नाचायचे. मी ढिम्म. पण एकदा वाऱ्याचा खरा जोर आला आणि मी आडवा झालो, फळीसारखा ताठ. आल्सीदनं मान डोलावली. “हा असा दिसला, की कुणी शेडचं दारसुद्धा उघडू नये.” तेव्हापासून वैमानिक माझ्याकडं बघून बोलायचे. झेंडा लोंबतोय, झेंडा अर्धा उठलाय, झेंडा आडवा आहे. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. एवढंच सुख मला आयुष्यात मिळालं, ते आधीच सांगून टाकतो.

आता क्लबाचं सांगतो, म्हणजे माझा राग कुणावर आहे ते कळेल.

हा क्लब सायकलच्या दुकानात सुरू झाला होता. चार-पाच वेडे लोक. शेतात इंजिन बंद पडलं की सगळ्यांनी मिळून विमान ढकलत आणायचं, बिटाचं नुकसान झालं म्हणून शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या, आणि मग त्याच शेतकऱ्याला बिअर पाजायची. मग वर्तमानपत्रांत विमानांची चित्रं यायला लागली आणि साखर कारखान्याचे मालक ग्राँव्हाल यांना क्लबात रस वाटू लागला. बघता बघता ते अध्यक्ष झाले. क्लब दुकानातून उठून हॉटेलच्या दिवाणखान्यात गेला. मखमली खुर्च्या आल्या, कोटावर लावायचे बिल्ले आले. उपाध्यक्ष, चिटणीस, सल्लागार, सन्माननीय सल्लागार आले. उडणारे होते तेवढेच राहिले. अध्यक्षसाहेब स्वतः कधी विमानात बसले नाहीत. खुर्चीवर चढून दिवा लावायचा म्हटलं तरी त्यांना घेरी यायची.

पण एक विमान त्यांनी विकत घेतलं. त्याच्या शेपटीवर कारखान्याच्या पोत्यांवर असतो तोच शिक्का मारला आणि ते उडवायला थेओला नेमलं. थेओफिल लमेर, पाववाल्या लमेरबाईंचा मुलगा. आल्सीदच्याच दुकानात हाताखाली राहून तो चाकं बसवायला शिकला, इंजिन उकलायला शिकला आणि शेवटी उडायलाही शिकला. आल्सीदला तो दादा म्हणायचा. कारखान्याचं विमान मिळालं त्या दिवशी तो दुकानात नाचत आला होता. आल्सीदनं त्याची पाठ थोपटली, पण म्हणाला, “विमान दुसऱ्याचं असलं की नाही म्हणणं जड जातं, थेओ. ध्यानात ठेव.” थेओ हसला. त्या वयात सगळेच हसतात.

ऑगस्टमध्ये शर्यत जाहीर झाली. खास गाड्या सोडल्या. मैदानाभोवती कुंपण, लाकडी प्रेक्षागार, तिकिटांच्या खिडक्या, बँड, सॉसेजच्या आणि बिअरच्या टपऱ्या. चार कोपऱ्यांवर चार उंच मनोरे, त्यांना वळसे घालत विमानांनी चकरा मारायच्या. लमेरबाईंनी लोण्यातल्या गोड पावांची टोपली घेऊन प्रेक्षागाराच्या पायरीवर जागा धरली. पाव विकत होत्या म्हणायचं, खरं तर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होत्या, “सात नंबरचं विमान बघा. तो माझा.”

पहिला दिवस लाल झेंड्याचा. लोक वेडे झाले. टोप्या हवेत उडाल्या. मी खांबाखालच्या पेटीत घडी घालून पडलो होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझं काम नसणं हेच चांगलं.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि मी वर चढलो.

तुम्ही कधी हजारो माणसांच्या शिव्या एकट्यानं खाल्ल्यात का? मी खाल्ल्यात. सकाळी लोक कुरकुरले. दुपारी शिट्ट्या सुरू झाल्या. मग सडके बटाटे, अंडी, बाटल्यांची बुचं. एका जाड्या गृहस्थानं खांबाजवळ येऊन मला छत्री दाखवली आणि ओरडला, “उतर खाली, कावळ्या!” त्याची बायको त्याच्या कोटाला धरून मागं ओढत होती. माझ्याकडं बघून सगळे बोलत होते, माझ्यामुळं वारा सुटल्यासारखे. गवत झोपलं होतं, टपऱ्यांची छतं उडत होती, बायकांना टोप्या दोन्ही हातांनी धराव्या लागत होत्या. तरी राग माझ्यावरच. मी आडवा, ताठ. मला लाज वाटली नाही. मी खरं सांगत होतो.

संध्याकाळी झेंडे उतरवणाऱ्या बासिलबाबांनी आम्हा तिघांना समितीच्या तंबूत आणून टेबलावर ठेवलं. बासिलबाबा पूर्वी टपाल वाटायचे. आयुष्यभर वरिष्ठांना सलाम करून त्यांची मान जरा पुढं वाकलेली राहिली होती.

अध्यक्षसाहेबांनी माझ्यावर हात आपटला. “उद्या प्रांताधिकारी येणार. सपत्नीक! आणि त्यांना काय दाखवू? हा? माझ्याच मैदानात माझ्याच तोंडाला काळं?”

“मग वाऱ्याला सांगा,” आल्सीद म्हणाला.

“तुम्ही वैमानिक मंडळी फार नाजूक झालात, कारॉन.”

“नाजूक विमान आहे, साहेब. मी रोज मुळा न सोलता खातो.”

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात घातलं. चिटणीसांनी चष्मा वर केला. “नियम स्पष्ट आहे. कोणता झेंडा लावायचा हे समिती ठरवील. लाल झेंडा असताना पुकारल्यावर जो उडणार नाही, त्याचं नाव कमी होईल.”

“नियम कुणी केला?”

“समितीनं.”

“समितीतलं उडतं कोण?”

थेओ एका कोपऱ्यात उभा होता. तो जमिनीकडं बघत होता.

रविवार उजाडला तो आदल्या दिवसापेक्षा वाईट. सकाळी बासिलबाबांनी मला वर चढवलं आणि मी चढता चढताच आडवा झालो. गर्दी मात्र दुप्पट. चर्च सुटलं तसे लोक तडक मैदानात आले. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांनी कुंपणाच्या फळ्या उपटल्या होत्या. कुणी खुर्च्यांचा ढीग करून पेटवला. तिकिटांच्या खिडकीची काच फुटली. आणि त्याच वेळी प्रांताधिकाऱ्यांची मोटार आली.

अध्यक्षसाहेब स्वतः खांबापाशी आले. घाम पुशीत, बिल्ला सावरीत.

“काढ हा.”

बासिलबाबांनी वर पाहिलं. “साहेब, पण वारा…”

“मला वारा शिकवतोस? लाल लाव.”

“कारॉननी सांगितलंय, हा आडवा असला की…”

“कारॉन तुला पगार देतो? काढ!”

बासिलबाबा गाठीशी चाचपडत राहिले. गाठ सुटेना. तेव्हा अध्यक्षसाहेबांनीच दोरी धरली आणि मला खाली ओढलं. झेंडा उतरवतात तसं नाही, ओढलं. माझी एक कड टरकन फाटली. खाली आल्यावर त्यांनी मला बासिलबाबांच्या अंगावर फेकलं आणि लाल वर गेला. हलक्या कापडाचा तो बिचारा, वाऱ्यानं त्याच्या चिंधड्या व्हायची वेळ आली होती. पण रंग लाल होता. लोकांनी रंग पाहिला आणि अशी काही आरोळी ठोकली की मैदान हादरलं.

मी बासिलबाबांच्या खांद्यावर होतो. तिथून मला सगळं दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

पहिला पुकारा आल्सीदच्या नावाचा. तो विमानाशेजारी उभा राहिला, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी उडणार नाही.”

“भेकड!” कुंपणापलीकडून आवाज आला. मग पाठोपाठ शंभर. “परत दे आमचे पैसे! सायकलवाल्या, सायकलच चालव!” एक बाटली येऊन त्याच्या पायाशी फुटली. ओदिल शेडमधून तीरासारखी बाहेर आली. बाटली फेकणाऱ्याला तिनं बरोबर हेरलं. “ए लाल मफलर! ये ना इकडं! जागा रिकामी आहे, बस! पंख मी शिवलेत, मला माहिती आहे ते किती सोसतील. ये, तुझ्या आईला सांगून ये!” तो मागच्या मागं गर्दीत शिरला.

दुसरा पुकारा, “नंबर सात. लमेर.”

थेओ आधीच बसला होता. आल्सीद पळत गेला आणि त्यानं पंखाची दांडी धरली.

“उतर.”

“दादा, विमान माझं नाही.”

“जीव तर तुझा आहे ना?”

“साहेब म्हणाले, आज बसला नाहीस तर उद्या दुसरा बसेल. मला परत चाकं बसवायची नाहीत, दादा. एकच फेरी मारतो. खालून जातो, लगेच उतरवतो.”

“थेओ, त्या पलीकडच्या मनोऱ्याला वळताना वारा पंखाखाली शिरेल.”

“मी मोठा वळसा घेईन.”

प्रेक्षागारातून लमेरबाई रुमाल हलवत होत्या. थेओनं त्यांच्याकडं बघून हात केला. मग आल्सीदला म्हणाला, “सोड ना, दादा. सगळे बघताहेत.” आणि आल्सीदनं हात सोडला. त्या सोडण्याबद्दल त्यानं पुढं स्वतःला काय काय म्हटलं ते मी दुकानात रोज ऐकलंय. मी त्याला दोष देत नाही. ज्याच्या हातात दोरी होती त्याला देतो.

थेओ उडाला. लोकांच्या डोक्यांवरून डुचमळत गेला. पलीकडच्या मनोऱ्याशी त्यानं मोठा वळसा घेतला, म्हटल्याप्रमाणं घेतला. वारा एका पंखाखाली शिरला आणि विमान पत्र्यासारखं उलटलं. आवाज आमच्यापर्यंत उशिरा आला. बिटाच्या शेतातून धुळीचा एक लहानसा ढग उठला, एवढंच.

आल्सीद धावला. ओदिल धावली. बासिलबाबा मला खांद्यावर घेऊनच धावले. थेओ गेला होता. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. आल्सीद त्याच्याजवळ मातीत बसला आणि त्याचा उडतानाचा चष्मा पुसत राहिला.

आणि आता ऐका. इथून पुढं माझ्या अंगाची आग होते ती आजतागायत शमलेली नाही.

मैदानात भोंगा घेऊन माणूस उभा होता. अध्यक्षसाहेब त्याच्या कानाशी काही बोलले. भोंग्यातून आवाज आला, “सभ्य स्त्री-पुरुषहो! चालकाला किरकोळ खरचटलं आहे. काळजीचं कारण नाही. शर्यत पुढं चालू राहील!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडला खूण झाली. बँडनं पोल्का ही नाचाची उडती चाल सुरू केली.

लमेरबाई उठून उभ्या राहिल्या होत्या, त्या हे ऐकून मटकन खाली बसल्या. हसायला लागल्या. शेजारणीला म्हणाल्या, “लहानपणापासून असाच! गुडघे कधी साबूत म्हणून नाहीत.” आणि टोपलीतले उरलेले पाव त्यांनी आनंदानं फुकट वाटायला घेतले. प्रांताधिकाऱ्यांच्या बायकोलाही एक दिला.

ओदिल शेतातून परत आली, मागोमाग मला घेऊन बासिलबाबा. तिच्या एप्रनला रक्त लागलं होतं. पोल्का चालू होता. ती पायऱ्या चढून लमेरबाईंसमोर उभी राहिली. बाईंनी तिच्याही हातात पाव ठेवला. “घे गं. त्याला म्हणावं, आज घरी ये, मी पाय धुऊन देते.”

ओदिलनं तो पाव हातात धरला. तिनं टोपली बाईंच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवली, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात धरले. बाईंनी रक्त पाहिलं. मग ओदिलच्या चेहऱ्याकडं पाहिलं. “पण त्यांनी सांगितलं ना,” त्या म्हणाल्या. “आत्ताच सांगितलं. किरकोळ म्हणाले.”

“खोटं बोलले,” ओदिल म्हणाली.

बँड थांबला नाही. त्या दिवशी आणखी कुणी उडालं नाही, कारण बाकीच्या वैमानिकांनी शेडची दारं आतून लावून घेतली. पण बँड प्रांताधिकारी जाईपर्यंत वाजत होता. लाल झेंडाही तोवर वरच होता.

सोमवारी अध्यक्षसाहेबांनी माझी आठवण काढली. काळा रंग आता त्यांना हवा होता. मैदानात शोकसभा ठेवली. मला इस्त्री करायचा हुकूम झाला, फाटलेली कड आत दुमडली आणि मला खांबाच्या अर्ध्यावर चढवलं. अर्ध्यावर! ज्या दिवशी टोकाला असायला हवं होतं त्या दिवशी बासिलबाबांच्या खांद्यावर, आणि आता अर्ध्यावर, शोभेला. वारा पडला होता. मी मेलेल्यासारखा लोंबत होतो आणि खाली भाषण चाललं होतं.

“साहसाला सीमा नसते,” अध्यक्षसाहेब म्हणाले. “आपल्या लाडक्या थेओफिलनं सावधगिरीचे सल्ले झुगारून आकाशाला आव्हान दिलं. त्याच्या अतिधाडसानं त्याला आपल्यातून नेलं.” नंतर चिटणीसांनी उभं राहून सांगितलं, की समितीचा आदेश मोडल्याबद्दल आल्सीद कारॉन यांचं नाव क्लबातून कमी करण्यात येत आहे.

उडाला तो अतिधाडसी. उडाला नाही तो भेकड. आणि ज्यानं दोरी ओढली तो अध्यक्ष!

ओदिल गर्दीतून पुढं आली. तिनं कुणाला ढकललं नाही, लोकच बाजूला झाले. ती खांबापाशी गेली आणि दोरी सोडू लागली.

“बाई, हे काय करता?” चिटणीस धावले. “शोकसभा चालू आहे!”

“माझा झेंडा घेऊन जाते.”

“तो क्लबाचा आहे.”

“क्लबाचा?” ती वळली. आवाज चढवला नाही तिनं. “काल कुठं होता मग हा? काल वारा होता तेव्हा तुम्हाला हा नको होता. कुणी खाली ओढला याला? सांगा ना सगळ्यांना. ही कड कुणाच्या हातानं फाटली? इस्त्री करून आत घातलीत, पण टाका माझा आहे, साहेब, तो कसा उसवतो ते मला कळतं.”

अध्यक्षसाहेबांनी बासिलबाबांकडं पाहिलं. बासिलबाबा आपल्या बुटांकडं बघत होते. मैदानात शिट्टी वाजवणारं एकही तोंड उघडलं नाही. कालपरवाची तीच माणसं होती ती. त्यांचाही मला राग आहे, तो मी सोडणार नाही. लाल पाहून आरोळी कुणी ठोकली होती?

ओदिलनं मला काखेत मारलं आणि ती घरी आली.

पुढचा उन्हाळा आला. माणसं विसरतात, आणि क्लबाला तर विसरण्याची घाईच होती. पुन्हा शर्यत जाहीर झाली, पुन्हा गाड्या सोडल्या. बाहेरगावचे वैमानिक विमानं पेट्यांत घालून आले आणि पंखांची शिलाई तपासून घ्यायला ओदिलकडं गेले. तिनं पंख तपासले. चहा दिला नाही, बिअर दिली, आणि मला टेबलावर पसरून काय घडलं ते सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांच्यातला एक, पांढऱ्या मिशांचा दांडगा माणूस, शेवटी म्हणाला, “आमच्याकडंही असंच चालतं, बाई. आमच्याकडं अजून कुणी मेलं नाही, इतकंच.”

शर्यतीच्या सकाळी हवा इतकी शांत होती की धुरांड्यांतला धूर सरळ वर जात होता. लाल झेंडा खांबावर लोंबत होता. गर्दी तीच, टपऱ्या त्याच. आणि ओदिल शिडी लावून आल्सीदच्या शेडच्या छपरावर चढली आणि तिथं तिनं मला एका बांबूला बांधून उभं केलं. वारा नसल्यानं मी दिसेना, म्हणून तिनं माझं खालचं टोक हातानं धरून मला पसरून ठेवलं.

पहिला पुकारा झाला. वैमानिक बाहेर आला नाही. दुसरा पुकारा झाला. सगळे आपापल्या शेडसमोर खुर्च्या टाकून बसले होते. पांढऱ्या मिशांचा तर पाइप ओढत होता.

अध्यक्षसाहेब धापा टाकत आले. “हा काय तमाशा आहे? वारा कुठं आहे?”

“वारा नाही,” तो पाइपवाला म्हणाला. “हवा फार छान आहे. असल्या हवेत माझी आजीही उडेल.”

“मग बसलात का?”

“दोरी कुणाच्या हातात राहील ते ठरेपर्यंत बसणार. आमच्यातला एक जण खांबापाशी उभा राहील. तो काळा म्हणाला की काळा. तुम्ही त्या दोरीला हात लावायचा नाही. आणि कारॉनचं नाव क्लबात परत लावा.”

“ब्लॅकमेल आहे हे!”

“जे म्हणायचं ते म्हणा, साहेब. बूड टेकलंय आमचं.”

गर्दीनं शिट्ट्या मारल्या. बाटल्याही आल्या. ओदिलचे हात भरून आले, तिनं हात बदलला, पण मला खाली सोडलं नाही. ऊन डोक्यावर आलं. समिती तंबूत जाई, बाहेर येई, पुन्हा आत जाई. आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना बासिलबाबा खांबापाशी गेले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी लाल झेंडा हळूहळू खाली घेतला, घडी घातली, आणि दोरीचं टोक घेऊन मैदान ओलांडून, म्हणजे दोरी पुरली तिथपर्यंत, वैमानिकांच्या दिशेनं हात पुढं करून उभे राहिले. मान तशीच वाकलेली. पण पाय हलले नाहीत.

दुपारनंतर समितीनं मान्य केलं. त्या दिवसापासून लांदकूरला झेंड्याची दोरी वैमानिकांकडं आहे. ओदिलनं क्लबासाठी नवा काळा झेंडा शिवून दिला, त्याच जाड कापडाचा. आल्सीदचं नाव परत लागलं. तो शर्यतीत मात्र पुन्हा उतरला नाही. शांत सकाळी एकटाच उडतो, बिटाच्या शेतावरून एक फेरी मारतो आणि परत येतो.

ग्राँव्हालसाहेब अजून अध्यक्षच आहेत. याला काय म्हणायचं? त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. उलट त्यांनी स्वखर्चानं त्या शेताच्या बांधावर एक दगड बसवला. त्यावर कोरलं, थेओफिल लमेर, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, ‘स्वतःच्या अतिधाडसाला बळी पडलेला वीर’.

लमेरबाई त्या बाजूला कधी जात नसत. गेल्या वसंतात एका सकाळी त्या पहिला पाव भट्टीतून काढून तशाच दुकानात आल्या. बाह्यांवर पीठ. “आल्सीद, हातोडा आणि छिन्नी आहे का रे?”

“कशाला हवी?”

“आहे का नाही ते सांग.”

आल्सीदनं दिली. ओदिलनं खिळ्यावरून मला काढलं, त्यात हत्यारं गुंडाळली आणि तिघं निघाली. बांधावर बाई दगडासमोर बसल्या. आल्सीद म्हणाला, “मी करतो, मावशी.” त्यांनी त्याचा हात बाजूला केला. आयुष्यभर कणीक मळलेले हात ते. एकेक अक्षर उडवत गेल्या. आधी ‘वीर’. मग ‘बळी’. ‘स्वतःच्या’ या शब्दापाशी आल्यावर त्यांनी असे घाव घातले की ठिणग्या पडल्या.

रस्त्यानं पोलीस सायकलवरून चालला होता. तो उतरला. “कुणाच्या परवानगीनं चाललंय हे? हा क्लबाचा दगड आहे.”

बाई उठल्या नाहीत. “वरचं नाव त्याला कुणी ठेवलं? मी ठेवलं. मग त्याच्याखाली काय राहील तेही मी ठरवणार. तुला लिहून घ्यायचं तर घे.”

पोलिसानं वाकून दगडाकडं पाहिलं. मग म्हणाला, “छिन्नी जरा आडवी धरा, बाई. हाताला लागेल.” आणि निघून गेला.

आता तिथं नुसतं नाव आहे, आणि खाली खरबरीत, ओबडधोबड पट्टा. ओदिलनं दगड माझ्यानं पुसला. ती पांढरी पूड माझ्या लोकरीत अशी बसली आहे की धुऊन निघत नाही, आणि ओदिल ती काढायचा प्रयत्नही करत नाही. क्लबानं मध्यंतरी निरोप पाठवला होता, मला काचेत घालून दिवाणखान्यात लावायचं म्हणून. ऐतिहासिक वस्तू म्हणे! ओदिलनं निरोप्याला दारातूनच वाटेला लावलं. मी दुकानात खिळ्यावर आहे, सायकलींच्या ट्यूबशेजारी. माझा राग कमी झालेला नाही आणि तो व्हावा असं मला वाटतही नाही.

तुमच्याकडं कधी अशी जत्रा भरली, माणसं जिवावर उदार होऊन तुमच्यासाठी वर जाणार असली, तर तिकीट काढण्याआधी एक करा. झेंड्याची दोरी कुणाच्या हातात आहे ते विचारा. वर जाणाऱ्याच्या हातात नसेल, तर घरी जा.